हिवाळ्यातील हिमालय आणि पदयात्रिकाची शक्ती

गढवालच्या उंच भागांत कार्तिकाच्या सुमारास माणसे आणि जनावरे खाली उतरू लागतात. तुंगनाथाच्या मंदिराची कवाडे बंद होतात आणि देवाची उत्सवमूर्ती मक्कूमठ या खालच्या गावी मुक्कामास येते. नीती व माणा या खोऱ्यांतील भोटिया कुटुंबे उंचावरील घरांना कुलपे लावून खालच्या वस्त्यांत जातात. वनगुज्जर आपल्या म्हशींचे कळप घेऊन पायथ्याच्या जंगलांकडे वळतात. हिवाळ्यात डोंगर उतरावयाचा हा या लोकांचा पिढ्यान् पिढ्यांचा रिवाज आहे. गेल्या काही दशकांत मात्र याच ऋतूत उलट दिशेची रहदारी सुरू झाली आहे. डिसेंबरपासून मार्चपर्यंत दिल्ली, मुंबई, बंगळूर, कोलकाता अशा शहरांतून हजारो तरुण-तरुणी, कित्येकदा शाळकरी मुले व साठी उलटलेले गृहस्थही, बर्फातून चालण्यासाठी हिमालयात येतात. त्यांतील बहुतेकजण आनंद घेऊन परततात. काहींना अर्ध्या वाटेवरून आजारी होऊन उतरावे लागते आणि दरवर्षी काहींचा या वाटांवर मृत्यूही ओढवतो.

अशा अपघातांविषयी बोलताना ‘त्याची तब्येत तर उत्तम होती’ हे वाक्य हमखास ऐकू येते. या वाक्यात एक मोठा गैरसमज दडलेला आहे. हिवाळ्यातील पर्वत पदयात्रिकाकडून तीन निरनिराळ्या गोष्टींची अपेक्षा करतो: चढण्याचे श्रम सोसण्याची, विरळ हवेत जगण्याची आणि थंडीत देहाची ऊब राखण्याची. पहिल्या गोष्टीसाठी स्नायूंची व हृदयाची शक्ती लागते. दुसरीसाठी वेळ लागतो. तिसरीसाठी ज्ञान व शिस्त लागते. यांतील एक गोष्ट जवळ असली म्हणजे उरलेल्या दोन आपोआप येतात, असे नाही.

चढाचे श्रम

सत्तर किलो वजनाचा मनुष्य पाठीवर दहा किलोंचे ओझे घेऊन एक हजार मीटर उंची चढला, तर गुरुत्वाकर्षणाविरुद्ध केलेले त्याचे काम केवळ १८७ किलोकॅलरी इतके भरते. परंतु मानवी स्नायू हे काही फार काटकसरी यंत्र नव्हे. अन्नातून मिळालेल्या ऊर्जेपैकी जेमतेम पाचवा ते चौथा हिस्सा चढण्याच्या कामी येतो व बाकीचीची उष्णता होते. म्हणून त्या चढाईसाठी देहाला सुमारे साडेसातशे ते साडेनऊशे किलोकॅलरी खर्च कराव्या लागतात. याशिवाय बर्फात पाऊल रुतते, ते उपसून काढावे लागते, आणि बर्फाने जड झालेले बूट प्रत्येक पावलागणिक उचलावे लागतात. पायांवरील एक किलो वजन वाहण्यास पाठीवरील तेवढ्याच वजनाच्या चार ते सहापट अधिक ऊर्जा लागते, असे प्रयोगांत आढळले आहे. तेव्हा भारी बुटांची हौस ही थकव्याची पहिली पायरी ठरू शकते.

किती अंतराला किती वेळ लागेल याचा अंदाज करण्यासाठी विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये एक सोपा नियम सांगितला. तो असा: दर पाच किलोमीटर अंतरास एक तास धरावा आणि दर सहाशे मीटर चढास आणखी एक तास मिळवावा. सहा किलोमीटरांच्या वाटेत नऊशे मीटर चढ असेल, तर या हिशेबाने दोन तास बेचाळीस मिनिटे लागतील. हा हिशेब कोरड्या वाटेवरील धडधाकट मनुष्याचा आहे. बर्फातील वाटेसाठी तो दुप्पट धरणे शहाणपणाचे. म्हणजे साडेपाच तास झाले. उत्तराखंडात डिसेंबरच्या अखेरीस दिवस जेमतेम सव्वादहा तासांचा असतो. परत उतरण्याचा वेळ आणि विसावे जमेस धरले, म्हणजे पहाटे उशिरा निघणाऱ्या तुकडीवर काळोखात गोठलेली वाट उतरण्याची पाळी का येते, हे सहज ध्यानात येईल.

स्वतःची शक्ती अजमावण्यासाठी महागड्या उपकरणांची आवश्यकता नाही. चालताना सोबत्याशी पुरी वाक्ये बोलता येत असतील, तर गती योग्य आहे असे समजावे. दोन शब्दांतच धाप लागत असेल, तर ती कमी करावी. नाडीवरूनही ताडून पाहता येते. २२० या आकड्यातून वय वजा केले असता हृदयाच्या कमाल गतीचा स्थूल अंदाज मिळतो. चाळीस वर्षांच्या मनुष्यासाठी तो १८० होतो. दिवसभर चालावयाचे असता नाडी याच्या सत्तर टक्क्यांच्या, म्हणजे सुमारे १२६ च्या, फार पलीकडे जाऊ देऊ नये. व्यक्तीव्यक्तींत बराच फरक असल्याने हा आकडा केवळ मार्गदर्शक मानावा.

प्रवासापूर्वी दोन-तीन महिने आठवड्यातून चार दिवस भरभर चालणे, जिने चढणे आणि सुटीच्या दिवशी ओझे घेऊन जवळच्या डोंगरावर जाणे, ही पूर्वतयारी बहुतेकांस पुरते. उतारावर गुडघ्यांवर व मांड्यांवर येणारा ताण चढाहून निराळा असतो. त्यामुळे उतरण्याचाही सराव हवा. महाराष्ट्रातील ज्या मंडळींना सह्याद्रीचे किल्ले पायाखाली घालण्याची सवय आहे, त्यांना चढाचे श्रम फारसे जाणवत नाहीत. पण सह्याद्रीतील सर्वोच्च शिखर कळसूबाई हे १,६४६ मीटर उंच आहे. हिमालयातील अनेक हिवाळी वाटांची सुरुवातच याहून उंचावर होते. तेव्हा विरळ हवेची परीक्षा सह्याद्रीत कधीच झालेली नसते, हे अशा पदयात्रिकांनी विसरू नये.

विरळ हवेचा कायदा

हवेत प्राणवायूचे प्रमाण समुद्रकाठी जेवढे, म्हणजे सुमारे एकवीस टक्के, तेवढेच हिमालयातही असते. कमी होतो तो हवेचा दाब. साडेतीन हजार मीटर उंचीवर तो समुद्रसपाटीच्या सुमारे पासष्ट टक्के आणि साडेपाच हजार मीटरांवर जवळजवळ निम्मा उरतो. उंचावरील आजाराचे मूळ प्राणवायूच्या या घटलेल्या दाबात आहे, हे पॉल बेअर या फ्रेंच शरीरशास्त्रज्ञाने आपल्या १८७८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात प्रयोगांनिशी दाखवून दिले.

मानवी देह या टंचाईशी हळूहळू जुळवून घेतो. प्रथम श्वास जलद व खोल होतो. त्यामुळे रक्तातील कार्बन डायऑक्साइड अधिक बाहेर पडून रक्त किंचित अल्कधर्मी बनते आणि श्वासाची ही वाढलेली गती पुन्हा रोखली जाऊ लागते. मग मूत्रपिंडे रक्तातील जादा बायकार्बोनेट बाहेर टाकून तो समतोल साधतात, आणि श्वास मोकळेपणाने वाढू शकतो. या कामास काही दिवस लागतात. रक्तातील तांबड्या पेशींची भर पडण्यास तर आठवडे लागतात. व्यायामाने कमावलेले शरीर ही कालमर्यादा आखडू शकत नाही.

याविषयीच्या ज्ञानात भारतीय संशोधकांनी मोलाची भर घातली आहे. १९६२ च्या चीनबरोबरील युद्धाच्या काळात मैदानी प्रदेशांतील सैनिकांना अत्यंत त्वरेने उंच सरहद्दीवर नेण्यात आले. ते सारे तरुण, निवडक आणि कसलेले जवान होते; तरीही पुष्कळांना डोकेदुखी, मळमळ, निद्रानाश व धाप यांनी घेरले, आणि काहींच्या फुप्फुसांत किंवा मेंदूत पाणी साचले. इंदर सिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा १,९२५ सैनिकांच्या निरीक्षणांवर आधारलेला निबंध १९६९ मध्ये प्रसिद्ध केला. उंचावर पोहोचल्यानंतर सहा ते शहाण्णव तासांच्या अवधीत लक्षणे सुरू होतात, असे त्यांना आढळले. म्हणजे पोहोचलेल्या दिवशी बरे वाटणे ही दुसऱ्या दिवसाची हमी नव्हे. तत्पूर्वी १९६० मध्ये चार्ल्स ह्यूस्टन या अमेरिकन वैद्याने कोलोरॅडोच्या पर्वतांत आजारी पडलेल्या एका सुदृढ तरुणाची हकीकत नोंदवून, उंचीमुळे फुप्फुसांत पाणी साचण्याच्या विकाराकडे वैद्यकजगताचे लक्ष वेधले होते.

या सर्व निरीक्षणांतून एक विलक्षण गोष्ट पुढे येते. बलवान मनुष्यास विरळ हवेपासून विशेष संरक्षण नसतेच. उलट तो भरभर चढू शकत असल्यामुळे देहास सवय होण्यापूर्वीच उंचावर जाऊन पोहोचतो. शिवाय आपण मागे पडलो असे दिसू नये म्हणून तो लक्षणे लपवितो. सावकाश चालणारा प्रौढ सोबती पुष्कळदा याच कारणाने अधिक सुरक्षित राहतो.

म्हणून नियम असा आहे, की तीन हजार मीटरांच्या वर गेल्यावर रात्रीच्या मुक्कामाची उंची दररोज पाचशे मीटरांहून अधिक वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस त्याच उंचीवर विश्रांती घ्यावी. डोके दुखत असता व मळमळत असता पुढे चढू नये. विश्रांतीनेही आराम न पडल्यास खाली उतरावे. स्वस्थ बसले असताही धाप लागणे, छातीत घरघर होणे, बोलण्यात असंबद्धता येणे, किंवा एका पावलाच्या टाचेस दुसऱ्याचा अंगठा लावीत सरळ रेषेत चालता न येणे, ही धोक्याची चिन्हे होत. अशा वेळी सकाळची वाट पाहत बसू नये. रोग्यास सोबत देऊन तत्काळ खाली न्यावे. तीनशे ते हजार मीटर उतरल्याने बहुधा गुण पडतो.

थंडी, वारा आणि घाम

दर हजार मीटर उंचीगणिक तपमान सरासरी साडेसहा अंश सेंटिग्रेडने घटते. पण देहाला भासणारी थंडी केवळ तपमापकावरील आकड्यावर अवलंबून नसते. पॉल सिपल आणि चार्ल्स पॅसेल या दोघा संशोधकांनी अंटार्क्टिकात प्लॅस्टिकच्या नळकांड्यात पाणी भरून, निरनिराळ्या वाऱ्यात ते गोठण्यास किती वेळ लागतो हे मोजले आणि १९४५ मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. पुढे सुधारण्यात आलेल्या कोष्टकानुसार, तपमान उणे दहा अंश असून ताशी तीस किलोमीटर वेगाने वारा वाहत असल्यास उघड्या त्वचेला उणे वीस अंशांइतकी थंडी जाणवते. झाडीतील मुक्कामावर सुसह्य वाटणारी पहाट शिखराच्या उघड्या धारेवर जीवघेणी का होते, याचे हे कारण.

दुसरा शत्रू ओलावा. पाणी हवेपेक्षा सुमारे पंचवीस पटींनी अधिक उष्णतावाहक आहे. चढताना स्नायूंत निर्माण होणाऱ्या उष्णतेने घाम येतो, आतले कपडे भिजतात, आणि विसाव्यास बसताच ती ओल देहाची ऊब शोषून घेते. यासाठी एकच जाड कोट न घालता पातळ कपड्यांचे तीन थर वापरावेत: आत घाम शोषून न ठेवणारा लोकरीचा किंवा कृत्रिम धाग्यांचा, मध्ये ऊब राखणारा, आणि वर वारा व बर्फ अडविणारा. सुती कपडा अंगालगत नको. चालू लागण्यापूर्वी थोडी थंडी वाजत असावी आणि थांबताक्षणी वरचा कपडा चढवावा, हा पहाडी वाटाड्यांचा परिपाठ शास्त्रशुद्ध आहे.

देहाचे आतील तपमान ३७ अंशांवरून ३५ च्या खाली गेले, म्हणजे शीतबाधा झाली असे वैद्यक मानते. कापरे भरणे, बोटांनी गाठ न सुटणे, अडखळत चालणे आणि चिडचिड ही तिची प्रथम लक्षणे. पुढे कापरे थांबते. ती सुधारणा नसून देहाची उष्णता निर्माण करण्याची शक्ती संपत आल्याची खूण असते. अशा मनुष्यास वाऱ्यापासून आडोसा द्यावा, ओले कपडे बदलावेत आणि शुद्धीवर असल्यास गोड व गरम पेय पाजावे. मद्य मुळीच देऊ नये; त्याने त्वचेखालील रक्तवाहिन्या विस्फारून ऊब वाटते खरी, परंतु आतली उष्णता बाहेर निघून जाते. हिमदंशाने बधिर झालेले बोट बर्फाने चोळण्याची जुनी समजूतही घातक आहे. त्यास पुन्हा गोठण्याचा धोका नाही अशा ठिकाणी पोहोचल्यावर सुमारे ३७ ते ३९ अंशांच्या कोमट पाण्यात धरावे.

तहान लागली म्हणून बर्फ खाणे हेही महागात पडते. एक किलो बर्फ वितळविण्यास ८० आणि ते पाणी देहाच्या तपमानास आणण्यास ३७, अशा एकूण ११७ किलोकॅलरी देहाच्या साठ्यातून जातात. बर्फ चुलीवर वितळवून प्यावा. मात्र ऊब हवी म्हणून बंद तंबूत किंवा खोलीत शेगडी वा स्टोव्ह पेटता ठेवून झोपणे म्हणजे मृत्यूस आमंत्रण होय. अपुऱ्या ज्वलनातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातील हिमोग्लोबिनशी त्याचे आकर्षण प्राणवायूच्या दोनशे पटींहून अधिक आहे. अशा विषारी हवेतील मनुष्य झोपेतून उठतच नाही. दिवसा काळ्या चष्म्याचे विस्मरण होऊ नये. ताजा बर्फ ऐंशी टक्क्यांहून अधिक प्रकाश परावर्तित करतो आणि उंचीबरोबर अतिनील किरणेही वाढतात, त्यामुळे काही तासांतच डोळे सुजून दिसेनासे होते.

शक्तीनुसार वाट

आता निरनिराळ्या कुवतीच्या पदयात्रिकांनी कोणती वाट निवडावी, याचा विचार करू इच्छिणाऱ्यास पुढील उदाहरणे उपयोगी पडतील.

पहिला गट नवशिक्यांचा, मुलांचा, आणि प्रकृती ठीक असूनही व्यायामाची फारशी सवय नसलेल्या प्रौढांचा. त्यांच्यासाठी तीन हजार मीटरांच्या आतबाहेरची, रात्रीचा मुक्काम खाली ठेवता येईल अशी वाट उत्तम. टिहरी गढवालमधील ३,०२२ मीटर उंचीचे नागटिब्बा हे अशांपैकी एक. चोपत्याहून तुंगनाथाकडे जाणारी बांधीव वाट उन्हाळ्यात यात्रेकरूंची असते. हिवाळ्यात मात्र तिच्या फरश्यांवर बर्फाचा गुळगुळीत थर चढतो आणि मोटाररस्ताही कधीकधी बंद पडतो. बर्फ चांगला असेल तेथवर जाऊन परतणे, हेही पहिल्या गटातील मंडळींसाठी पूर्ण समाधानाचे मानावे.

दुसरा गट नियमित व्यायाम करणाऱ्यांचा व पूर्वी एखादी हिमवाट चाललेल्यांचा. उत्तरकाशी जिल्ह्यातील केदारकांठा हे सुमारे ३,८०० मीटर उंचीचे शिखर अशांना योग्य होय. सांकरी हे पायथ्याचे गाव एकोणीसशे मीटरांच्या आसपास आहे. म्हणजे शिखरापर्यंत जवळजवळ १,९०० मीटरांची भर पडते. ही चढाई एका-दोन दिवसांत उरकण्याचा मोह टाळून सांकरीत एक मुक्काम आणि वाटेत दोन मुक्काम करावेत. त्याच जिल्ह्यातील दयारा बुग्याल हे विस्तीर्ण कुरण चढाच्या दृष्टीने सौम्य असून तेथे हिमाच्छादित मैदानाचा अनुभव मिळतो.

तिसऱ्या गटाचे उदाहरण लडाखातील ‘चादर’ होय. जानेवारी-फेब्रुवारीत झंस्कार नदीचा पृष्ठभाग गोठतो. पूर्वी हिवाळ्यात झंस्कारच्या रहिवाशांना लेहशी संबंध ठेवण्यास हीच एक वाट होती. निम्मू–पदुम–दारचा हा मोटारमार्ग २०२४ मध्ये जोडला गेला. चादरीवर चढ जवळजवळ नाहीच, तरीही ती नवशिक्याची वाट नव्हे. लेह साडेतीन हजार मीटर उंचीवर आहे आणि विमानाने येणारा मनुष्य एका तासात तेथे उतरतो. रात्रीचे तपमान उणे वीस अंशांखाली जाते. पायाखालचा बर्फ रोज बदलतो. म्हणून लेहमध्ये काही दिवस थांबून देहास सवय करणे आणि वैद्यकीय तपासणी करून घेणे अनिवार्य ठरते. केवळ चढ पाहून वाटेची कठीणता मोजणारा येथे हमखास फसतो.

ज्यांना हृदयविकार, दमा, अनियंत्रित रक्तदाब वा मधुमेह आहे त्यांनी, तसेच गर्भवती स्त्रियांनी, कोणत्याही गटात जाण्यापूर्वी वैद्याचा सल्ला घ्यावा.

तिन्ही गटांना हिमस्खलनाचा धोका समान आहे. तीस ते पंचेचाळीस अंशांच्या उतारांवर, विशेषतः मोठ्या हिमवृष्टीनंतरच्या एक-दोन दिवसांत, तो सर्वाधिक असतो. गाडला गेलेला मनुष्य पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत बाहेर काढला तरच जगण्याची आशा चांगली. म्हणून त्या वेळी असे उतार टाळणे हाच उपाय. ज्यांना त्याहून कठीण शिखरांकडे वळावयाचे असेल, त्यांच्यासाठी दार्जिलिंग येथे १९५४ मध्ये, मनाली येथे १९६१ मध्ये आणि उत्तरकाशी येथे १९६५ मध्ये स्थापन झालेल्या गिर्यारोहण संस्थांतून पद्धतशीर शिक्षण मिळते.

तुकडीचा कायदा

पदयात्रिक एकटा क्वचितच असतो आणि तुकडीत सर्वांची शक्ती सारखी नसते. तेव्हा सर्वांत मंद चालणाऱ्याची गती हीच तुकडीची गती ठरवावी. त्याला शेवटी एकटे न ठेवता आघाडीच्या वाटाड्यामागे दुसऱ्या क्रमांकावर घ्यावे. निघण्यापूर्वीच परतीची वेळ निश्चित करावी आणि शिखर शंभर पावलांवर राहिले असले तरी ती वेळ होताच मागे फिरावे. प्रत्येकाने आपले दुखणेखुपणे रोज सायंकाळी नायकास मोकळेपणाने सांगावे आणि ते ऐकून कोणी हसू नये. ज्या तुकडीत ‘मला बरे वाटत नाही’ असे म्हणण्याची लाज वाटते, त्या तुकडीत लक्षणे उशिरा कळतात. आणि उंचावरील आजारात उशीर हाच मृत्यूचे कारण होतो.

डोंगरातील वाटाडे व हमाल यांच्याकडेही नायकाचे तेवढेच लक्ष हवे. ते पहाडात जन्मलेले असले, तरी खालच्या खोऱ्यातील हमालास चार हजार मीटरांवर मैदानातील मनुष्याप्रमाणेच त्रास होऊ शकतो. त्यांचे बूट, हातमोजे व चष्मे पुरेसे आहेत की नाहीत, हे निघण्यापूर्वी पाहणे नायकाचे कर्तव्य होय. बर्फात पुढे जाऊन वाट पाडण्याचे श्रम तेच करतात आणि आजारी पदयात्रिकास पाठीवर घेऊन उतरण्याचा प्रसंग आला, तर तो भारही त्यांनाच उचलावा लागतो.